‘मोठ्याने’ नावाचं बटण

थोरलीच्या पायाला भिंगरी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या आठवड्यात तिने कहर केला. बसली की पाय हलवायची, उठली की खोलीभर येरझारा. स्वयंपाकघरात जायची, आपण कशाला आलो तेच विसरायची आणि नळ नीट बंद आहे ना एवढं बघून परत यायची. "एका जागी बस गं बाई, मला गरगरायला लागलं," असं आई म्हणाली. बसेल तर शपथ!

कारणही तसंच होतं. रविवारी धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि आईला आपल्या घरी घेऊन जाणार होता. ‘चार-दोन महिने’ असं सगळे म्हणत होते. आणि हे काही धाकट्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आईनेच त्याला फोन करून सांगितलं होतं, "मला घेऊन जा." जिने उभ्या जन्मात स्वतःसाठी कुणाकडे पेलाभर पाणी मागितलं नाही, ती बाई असं म्हणते म्हटल्यावर थोरलीच्या काळजात धस्स झालं. चार-दोन महिने कसले? आई एकदा गेली की परत यायची नाही आणि आप्पा इथे एकटे पडायचे, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणून तर रजा टाकून ती माहेरी येऊन बसली होती. बसली होती म्हणजे आपलं म्हणायचं.

आप्पांचा आवाज गेला होता. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर आई रोज धुतलेलं फडकं बांधायची. आणि आवाज म्हणजे असातसा नव्हे हो! आप्पा कारखान्यात सुपरवायझर होते. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. घरात यंत्रं नव्हती, सवय मात्र होती. नुसतं "टॉवेल!" म्हणाले तर जिन्याखालचं कुत्रं भुंकायला लागायचं. यांच्याकडे आज मीठ कमी पडलंय की जास्त, हे शेजारणीला भिंतीपलीकडून कळायचं. आता तो माणूस मुका झाला होता आणि चिठ्ठ्या लिहीत होता. अक्षर असं, की शाईत बुडालेली माशी कागदावरून चालत गेली असावी. त्यात आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती चिठ्ठी नाकाशी धरायची, खिडकीशी न्यायची, उलटी करून बघायची आणि शेवटी म्हणायची, "अहो, काय हवंय ते हाताने दाखवा ना." मग आप्पा टेबलावर मूठ आपटायचे आणि आई आत निघून जायची.

थोरलीने निदान करून टाकलं. यांचं बोलणं तुटलंय. आईला आप्पा ऐकू येत नाहीत, म्हणून ती चालली. बोलणं जोडून दिलं की जाणार नाही. निदान पक्कं झालं की थोरलीला कुणी थांबवू शकत नसे.

ती दुकानांची बिलं काढणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. तिने घरातला जुना कॉम्प्युटर बैठकीतल्या टीव्हीला जोडला आणि पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहायला घेतला. आप्पांनी टाइप करायचं, आईने टीव्हीवर भल्यामोठ्या अक्षरांत वाचायचं. कारखान्यात शेवटी शेवटी रोजचे अहवाल आप्पांना स्वतःलाच टाइप करावे लागत, त्यामुळे एका बोटाने का होईना, त्यांना येत होतं. पायथनबरोबर टीकिंटर म्हणून एक अवजारांची पेटी फुकटच मिळते. पडद्यावर खिडक्या, बटणं, मजकुराच्या पाट्या काढायला ती वापरतात. दिसायला जुनाट, पण कामाला चोख. आणि तिच्यात अक्षरांचे हवे तेवढे लाड करता येतात. फॉन्ट कुठला, केवढा, ठळक की साधा, सरळ की तिरपा, खाली रेघ हवी की मधून काट मारलेली, काय वाट्टेल ते.

इथेच तिच्या डोक्यात किडा वळवळला. आप्पांचे शब्द नुसते मोठे करून काय होणार? आप्पा म्हणजे शब्द थोडेच होते, आप्पा म्हणजे आवाज! तर मग अक्षरांनाच आवाज द्यायचा. तिने तीन बटणं केली. ‘हळू’ दाबलं की बारीक, फिकट अक्षरं. ‘नेहमीसारखं’ दाबलं की मध्यम. आणि ‘मोठ्याने’ दाबलं की अख्खा टीव्ही भरून टाकणारी काळीकुट्ट ठळक अक्षरं. टोमण्यांसाठी तिरपा फॉन्टही ठेवावा असं तिच्या मनात होतं, पण तेवढा वेळ नव्हता. एक शंका विचारायला तिने ऑफिसातल्या टकलूला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, दुकानदाराचं बिल कधी एवढं नटवलं नाहीत तुम्ही."

"दुकानदार माझा बाप आहे का?" थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिल्या दिवशी आप्पा खुर्चीत ताठ बसले. त्यांचं बोट ‘मोठ्याने’वर गेलं. ‘पंखा बंद कर’ एवढी तीन शब्दांची पाटी टीव्हीभर उमटली. आप्पांचे डोळे असे लकाकले, की ऑपरेशननंतर प्रथमच ते तिला आपले वडील वाटले. आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिने वाचलं, पंखा बंद केला आणि आत गेली. एका फटक्यात वाचलं! चिठ्ठी नाही, खिडकी नाही, काही नाही. थोरलीला वाटलं, जिंकलो.

जिंकलो कसलं! थोड्या वेळाने आप्पांनी परत ‘मोठ्याने’ दाबून काहीतरी लिहिलं, तर कोपऱ्यात मुंग्यांसारखी अक्षरं उमटली. पुन्हा दाबलं, पुन्हा मुंग्या. आप्पा लाल झाले, गळ्याशी फडकं फडफडायला लागलं. ज्या माणसाचा आवाज एकदा गेला, त्याचा तो दुसऱ्यांदा जात होता आणि या खेपेला तो पोटच्या पोरीने घालवला होता. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी दुपार ती कोड वर-खाली करत राहिली. चूक सापडली तेव्हा कपाळाला हात लावला. बटण दाबल्यावर फॉन्ट तयार व्हायचा, काम व्हायचं, पण तो धरून ठेवायला तिने कुठलं नावच राखलं नव्हतं. आणि पायथन म्हणजे केर काढणारी कडक बाई. जी वस्तू कुणी धरलेली नाही, ती सरळ उचलून बाहेर. फॉन्ट गेला तरी टीकिंटर ओरडत नाही, हूं नाही की चूं नाही. आपली नेहमीची बारीक अक्षरं लावून मोकळा होतो.

तिने घाईघाईत दुरुस्ती केली. एकच फॉन्ट बनवला, तो प्रोग्राम चालू असेपर्यंत घट्ट धरून ठेवला, आणि बटण दाबलं की त्याचाच आकार बदलायचा असं केलं. वर आणखी एक सोय केली. आई स्वयंपाकघरात असली की तिचं वाचायचं राहून जाई, म्हणून आता आधीच्या ओळी पुसल्या जात नव्हत्या, एकाखाली एक राहत होत्या. एकेक ओळ टाकून बघितली, ठीक चाललं. चहा प्यायली. रविवार तोंडावर आला होता.

त्या दुपारी पडद्यावर आप्पांच्या चार-पाच ओळी होत्या. ‘औषध घेतलं.’ ‘दार वाजतंय.’ ‘ऊन येतंय, पडदा ओढ.’ ‘शेजारीण डबा परत देऊन गेली.’ साधी, मध्यम अक्षरं. वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून आई टीव्हीपाशी उभी होती आणि सावकाश वाचत होती. आप्पांना चष्मा सापडत नव्हता. त्यांनी ‘मोठ्याने’ दाबलं आणि लिहिलं, ‘चष्मा’.

आणि एकदम सगळ्याच ओळी फुगल्या. सगळ्यांना फॉन्ट तोच ना! औषध, दार, ऊन, शेजारीण, चष्मा, सगळं एका क्षणात काळंकुट्ट, अंगावर येणारं. दिवसभर जे जे साधं म्हटलं होतं, ते सगळं आता ओरडून म्हटलेलं होतं.

आई दचकली असती तर थोरलीला काही वाटलं नसतं. पण आई दचकली नाही. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले, मान आत गेली, डोळे मिटले, आणि ती तशीच थांबली. पुढे काय येतंय त्याची वाट बघत. कपडे खाली पडले होते. लहानपणापासून हजार वेळा बघितलेली ती आईची सवय होती, इतकी रोजची, की ती कधी दिसलीच नव्हती. थोरलीने हात पुढे केला कपडे उचलायला, तेव्हा तिला कळलं की आपलेही खांदे वर गेलेत.

आईने कपडे गोळा केले आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोरली तिच्या मागे.

"माझी चूक झाली गं. सगळ्यांना एकच फॉन्ट लावून बसले. आत्ता दुरुस्त करते."

"काय करणार?"

"वेगवेगळे फॉन्ट ठेवते. म्हणजे ओरडलेलं असेल तेवढंच मोठं होईल, बाकीचं राहील तसंच."

"म्हणजे ओरडायचं ते आहेच," आई म्हणाली.

"अगं, पण ते बोलल्याशिवाय तुला ऐकू कसं येणार?"

आईने हातातल्या कपड्याची घडी अर्धी सोडली. "बाई माझे, मला ऐकायचंय असं तुला कुणी सांगितलं?"

आई थांबली नाही. बोलताना तिचे हात घड्या घालतच होते.

"ह्यांचा आवाज गेला तेव्हा मी रडले. दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, खोटं नाही सांगत. मग घरी आलो. दुपारी जरा पाठ टेकली, तर मला झोप लागली. दुपारी! लग्न झाल्यापासून मी दुपारची झोपले नव्हते गं. पडले तरी कान दाराकडे, कधी हाक येईल सांगता येत नाही. त्या दिवशी मेल्यासारखी झोपले. उठले तर बाहेर दिवे लागलेले. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. नवरा जन्माचा मुका झाला आणि ही बया झोपा काढतेय. रोज झोप येते आणि रोज लाज वाटते. म्हणून म्हटलं धाकट्याकडे जावं. तिथे झोपले तर कुणाचं काही जाणार नाही."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस? मी इतके दिवस इथे मरमर करतेय!" थोरलीचा आवाज चढला, आणि चढला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"तू बसलीस कुठे ऐकायला?"

थोरली ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. तिला आईचा राग आला, मग आप्पांचा आला, आणि दोन्ही राग ओसरल्यावर उरली ती नुसती शरम. या घरातला आवाज बंद झाला होता आणि तो पुन्हा बसवायला तिने रजा टाकली होती. बसवून, वर आईलाच विचारत होती, नीट येतोय ना? आई शेजारी येऊन टेकली. थोरलीचा पाय हलत नव्हता.

मग ती उठली आणि तिने ती तिन्ही बटणं काढून टाकली. एकच फॉन्ट ठेवला, एकच आकार. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा, पण ठळक नाही. बस.

आप्पांनी बसल्या बसल्या बघितलं. ‘बटण कुठे?’ त्यांनी लिहिलं.

"काढलं, आप्पा."

‘लाव.’

"नाही लावणार."

त्यांनी मूठ आपटली. ‘मोठं कर.’ मग पुन्हा, ‘मोठं कर.’ दोन्ही वेळा अक्षरं तेवढीच. "टेबल फुटेल, अक्षर मोठं व्हायचं नाही," थोरली म्हणाली. आप्पांना ‘नाही’ म्हणायची या घरात कुणाला सवय नव्हती.

आप्पांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मी ओरडतोय.’

"हो. दिसतंय."

त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला. त्यानंतर रविवारपर्यंत त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. औषध हवं असेल तर बोट दाखवायचे. पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहायची. ती बघून थोरलीचा जीव असा वरखाली व्हायचा, की तिने कपाटं आवरली, खिडक्या पुसल्या, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. आपण बापाच्या तोंडाला दुसऱ्यांदा कुलूप घातलं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. आणि आईलाही थांबवू शकलो नाही ते वेगळंच.

रविवारी सकाळीच धाकटा आला. खालूनच हॉर्न वाजवला, वर येऊन आप्पांच्या पाया पडला आणि हातवारे करत, तोंड मोठं फाकवून म्हणाला, "आ-प्पा, क-से आ-हात?"

"अरे, आवाज गेलाय त्यांचा, कान शाबूत आहेत," थोरली खेकसली.

आणि बोलल्या बोलल्या ती जागच्या जागी थिजली. कान शाबूत आहेत! स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा. त्या दुपारी आई जे जे बोलली, ते आप्पांनी खुर्चीत बसून शब्दन् शब्द ऐकलं होतं. बोलताना तिला नाही सुचलं आणि आईलाही नाही. मुक्या माणसाला ऐकू येतं, हे दोघी मिळून विसरल्या होत्या.

आई तयार होऊन बाहेर आली. धाकट्याने तिची बॅग उचलली. "येते," आई आप्पांकडे न बघता म्हणाली. तेवढ्यात कीबोर्डचा टकटक आवाज आला.

सगळे थांबले. आप्पा लिहीत होते. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं. कधी खोडत होते. आई टीव्हीसमोर उभी राहून अक्षर येईल तसं वाचत होती.

‘तुला माझी भीती वाटायची?’

धाकट्याने थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान हलवली, गप्प राहा म्हणून.

आई पडद्याकडेच बघत होती. "वाटायची," ती म्हणाली. आणि मग, जसं काही अर्धवट सांगितलं तर पाप लागेल, तशी म्हणाली, "अजून वाटते."

आप्पांचं बोट वर गेलं, जिथे पूर्वी बटण होतं तिकडे. तिथे काहीच नव्हतं. ते परत खाली आलं.

‘मग जा.’

साधी, सरळ, तेवढीच अक्षरं. यात राग आहे की हिणवणं, की खरंच जा म्हणतायत, ओळखायचं कसं? आवाज असता तर भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही कळलं असतं. सगळं पुसून, घोटून मीच ठेवलं, आता कळत नाही, असं तिला वाटून ती बोलायला जाणार, तोच आईने विचारलं, "रागाने म्हणताय?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, आईला हे विचारायची वेळच आली नव्हती. राग असला की घर हादरायचं. आप्पाही गोंधळले असावेत. त्यांनी कीबोर्डकडे बघितलं, आईकडे बघितलं.

‘रागाने नाही,’ त्यांनी लिहिलं. मग आणखी बराच वेळ टकटक. मधे एकदा सगळी ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिली. ‘तिथे झोप लागेल. झोप घे. लाज वाटून घेऊ नको.’

आईने पदर तोंडाला लावला. धाकटा बॅग या हातातून त्या हातात घेत उभा होता, बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. "आई, मग... निघायचं ना?" त्याने विचारलं.

"निघायचं," आई म्हणाली. थोरलीला रडू फुटलं ते तिथे. इतकं झाल्यावर तरी थांबेल, असं कुठेतरी तिने धरून ठेवलं होतं.

आई दाराकडे गेली नाही. ती टेबलापाशी आली आणि आप्पांचा हात तिने कीबोर्डवरून बाजूला केला. जन्मात कधी त्या कळांना हात लावला नव्हता. वाकून, नाक जवळजवळ टेकवून तिने एकेक अक्षर शोधलं. थोरली मदतीला पुढे झाली तर "थांब" म्हणून तिला मागे सारलं. बोलली असती तर आप्पांना ऐकू आलं असतंच की. पण तिला ते लिहायचं होतं. टीव्हीवर, आप्पांच्या ओळींच्या खाली, त्यांच्याच एवढ्या अक्षरांत उमटलं, ‘येईन.’

मग ती गेली. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला तरी आप्पा पडद्याकडे बघत होते. दुपारी थोरलीने जेवायला वाढलं, ते खुर्चीतच जेवले. संध्याकाळी तिने विचारलं, "बंद करू का आता?" आप्पांनी तिचा हात धरला. रात्री झोपायला जाताना परत विचारलं, तेव्हाही त्यांनी कॉम्प्युटर बंद करू दिला नाही.